रोप क्र. ४१ : याला वाण म्हणायचं का? आणि वर्णन लिहायचं तर कसं?

कुंडीवाली | रविवार, रात्री ९:४०

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी हौसेनं स्ट्रॉबेरीचा एक संकर केला. आई 'स्वीट चार्ली', बाप 'अल्बियन'. चार्ली लवकर येते, चवीला छान, पण हाताळली की मऊ पडते. अल्बियन घट्ट, लांबट शंकूच्या आकाराची, आणि डे-न्यूट्रल, म्हणजे दिवस लहान असो की मोठा, फुलायचं काही सोडत नाही. दोघांतलं चांगलं तेवढं एकात यावं, इतकाच हावरटपणा.

तीन फुलांवर परागण केलं. एक फळ गोगलगायीनं खाल्लं. उरलेल्या दोघांतून साडेतीनशेच्या आसपास बिया निघाल्या, १८० उगवल्या, जागा होती ६० पुरती. त्या ६० ना नंबर दिले. पहिल्या वर्षी ४४ उपटली, दुसऱ्या वर्षी ११. मग पाच उरली, आता एकच आहे, नंबर ४१. त्याच्या रनरपासून (जमिनीवर सरपटत जाऊन मुळं धरणारे धुमारे) २० रोपं केली, ती यंदा फळाला आली आहेत.

वर्णन लिहायला बसले तर हे झालं :

"मध्यम उंचीचं, जोमदार झाड. पानं सुंदर, गडद हिरवी. फळ आकर्षक, लालचुटूक, अतिशय गोड व सुगंधी. भरपूर उत्पादन. टिकाऊपणा चांगला."

लिहून झाल्यावर वाटलं, हे तर कुठल्याही स्ट्रॉबेरीला लागू पडेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

हुकलेली_गाडी | रविवार, रात्री ९:५८

माझ्या बायोडेटालाही लागू पडेल. 'टिकाऊपणा' सोडून.

मधमाशी | रविवार, रात्री १०:१५

ताई, भारीच! पण मुळापासून सांगाल का? परागण तर माश्या करतात, मग 'आई अमुक, बाप तमुक' हे ठरवून कसं करता येतं?

चिकित्सक_बोका | रविवार, रात्री ११:०२

अभिनंदन. पण पाण्याचे दोन थेंब टाकतो.

एक : स्ट्रॉबेरीच्या बीपासून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळंच असतं. म्हणजे तुमची १८० च्या १८० रोपं 'नवी' होती. वेगळं असणं ही इथे काही मोठी कमाई नाही.

दोन : स्ट्रॉबेरीचं फूल स्वतःच्याच परागानेही फळतं. ४१ हे चार्लीचं स्वपरागित अपत्य नाही कशावरून? बापाचा पुरावा काय?

कुंडीवाली | सोमवार, सकाळी ७:२०

मधमाशी, सविस्तर सांगते. सगळी गंमत फूल उमलायच्या आधी आहे. कळी फुगून पांढरी दिसायला लागते पण पाकळ्या अजून मिटलेल्या असतात, तो क्षण पकडायचा. उमललेलं फूल कामाचं नाही, कारण परागकोश फुटले की स्वतःचा पराग स्वतःवर पडलाच म्हणून समजा.

त्या कळीतले पुंकेसर काढायचे. वीस-पंचवीस असतात, कधी जास्तही. पुस्तकं म्हणतात चिमट्यानं एकेक काढा. मी पहिली कळी तशीच केली आणि मधला उंचवटाच खरवडून टाकला. मग कळलं की अंगठ्याच्या नखानं कळीच्या कडेनं गोल चीर दिली तर हिरवी बाह्यदलं, पाकळ्या, पुंकेसर असं सगळं कडं एकदम निघून येतं आणि मध्ये स्त्रीकेसरांचा पिवळट गोळा तेवढा उरतो. उघडंबोडकं दिसतं, पण जगतं. लगेच कागदी पिशवी.

बापाच्याही कळ्या उमलायच्या आतच घ्यायच्या. परागकोश काढून कागदावर पसरून रात्रभर कोरड्या जागी ठेवले की सकाळी पिवळी धूळ सुटलेली असते. ती मऊ ब्रशनं स्त्रीकेसरांवर फिरवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा, कारण सगळे स्त्रीकेसर एकाच दिवशी तयार होत नाहीत. जिथे पराग पोचत नाही तिथे बी धरत नाही आणि फळाचा तेवढा भाग फुगतच नाही, म्हणून वेडीवाकडी फळं दिसतात. साधारण महिन्याभरात फळ पिकतं.

झुबक्यातलं पहिलं फूल निवडा. त्यात स्त्रीकेसर सर्वांत जास्त, म्हणजे बियाही जास्त.

बोकोबा, पुंकेसर काढले होते, पिशवीही बांधली होती. याहून वेगळा पुरावा माझ्याकडे नाही, खरं सांगते.

टिपकागद | सोमवार, सकाळी ८:४५

बियांबद्दल माझी भर. ज्याला आपण बी म्हणतो ते खरं तर स्ट्रॉबेरीचं फळ, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ॲकीन. खरी बी त्याच्या आत. आणि आपण मिटक्या मारत खातो तो फुलाचा फुगलेला तळ. तो फुगतो तेही बियांच्या हुकमावरून. कोवळ्या फळावरच्या सगळ्या बिया टोचून काढल्या तर वाढ तिथेच थांबते, आणि तिथे ऑक्झिन हे संप्रेरक लावलं तर पुन्हा फुगतं. १९५० मध्ये निच यांनी हा प्रयोग केला होता.

बिया काढायला मी पिकलेल्या फळाची साल पातळ कापून टिपकागदावर चोळतो (आयडीचं रहस्य इथे उलगडलं). वाळल्या की खरडून घ्यायच्या. मग ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन ते चार आठवडे. पेरताना मातीखाली गाडायच्या नाहीत, वरच दाबून ठेवायच्या, कारण उगवायला उजेड लागतो. मी पहिल्या वर्षी सेंटिमीटरभर खोल पेरल्या होत्या. अजून वाट पाहतोय.

३५० पैकी १८० म्हणजे ताईंचा हात चांगला आहे.

आठपदरी | सोमवार, दुपारी १:३०

कुंडीवालीताई, निवृत्तीआधी बरीच वर्षं याच कामात घालवली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बोक्याचा दुसरा मुद्दा. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर ताईंच्या वाफ्यातच आहे. ताई, ४१ लांब दिवसांतही फुलतं का? म्हणजे उन्हाळ्यात, रनर सुटण्याच्या काळात, कळ्या येतात का?

कुंडीवाली | सोमवार, दुपारी २:०५

हो काका, येतात. अगदी कडक उन्हात थांबतात, पण जरा निवलं की पुन्हा सुरू. शेजारच्या चार्लीला त्या दिवसांत नुसते रनर, फूल नावालाही नाही.

आठपदरी | सोमवार, दुपारी ३:१०

मग झालं की. चार्ली शॉर्ट-डे, म्हणजे दिवस लहान असतानाच फुलणारी आहे. डे-न्यूट्रल गुण मुख्यतः एका जागेवरच्या प्रभावी जनुकामुळे येतो. एक प्रत मिळाली तरी गुण दिसतो. चार्लीकडे ती प्रतच नाही, त्यामुळे चार्ली स्वतःशीच फळली असती तर पिल्लं शॉर्ट-डेच निघाली असती. ४१ लांब दिवसांत फुलतंय, म्हणजे बाहेरचा पराग आलाय.

हा गुण आला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात रॉइस ब्रिंगहर्स्ट या कॅलिफोर्नियाच्या पैदासकारानं युटामधल्या वॉसॅच डोंगरातून रानटी व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीचं एक नर झाड आणलं. त्याला खाण्यालायक फळ असणं शक्यच नव्हतं. त्याची पिल्लं चांगल्या जातींशी पिढ्यानपिढ्या पुन्हापुन्हा जुळवत गेले तेव्हा कुठे मोठ्या फळाची डे-न्यूट्रल जात हाती आली. अल्बियन त्याच परंपरेतली.

दोन पथ्यं. थंडी असेल, पंधरा अंशांच्या खाली, तर शॉर्ट-डे जातसुद्धा लांब दिवसात कळी धरू शकते. तेव्हा फक्त दिवसमान पाहून निकाल देऊ नका. आणि या कसोटीनं बाप परका आहे एवढंच कळतं, तो अल्बियनच आहे हे नाही. तेवढ्यासाठी तुमची पिशवी साक्षीदार. पक्की खात्री हवी असेल तर तिघांची डीएनए चाचणी.

चिकित्सक_बोका | सोमवार, दुपारी ४:२२

मान्य. दुसरा मुद्दा मागे घेतो. पहिला कायम.

आठपदरी | सोमवार, सायंकाळी ६:००

पहिला मुद्दाही अर्धा खरा आहे. बागायती स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच, एकूण ५६ (माझ्या आयडीचं रहस्य). रानातली छोटी फ्रॅगॅरिया व्हेस्का दोन संचांवर भागवते, १४ गुणसूत्रं. त्यात बागायती जातींचे आईबाप स्वतःच मिश्र, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवा डाव.

हे पीकच मुळात असं जन्मलं. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची झाडं घेऊन आला. ती निघाली सगळी मादी. युरोपात बिचारी वांझ उभी. पुढे उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीच्या शेजारी लागली तेव्हा फळू लागली, आणि त्या शेजारातून आजची स्ट्रॉबेरी निघाली. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. हा संकर आहे हे १७६६ मध्ये ड्यूशेन या तरुणानं ओळखलं.

पण 'वेगळं रोप' आणि 'वाण' यांत अंतर आहे. वाण म्हणजे ज्याचं वेगळेपण शब्दांत आणि आकड्यांत सांगता येतं, ज्याची सगळी रोपं सारखी असतात, आणि पिल्लाच्या पिल्लातही जे तसंच राहतं. तुमची १८० रोपं वेगळी होती, वाण एकही नव्हतं. ४१ अजून उमेदवार आहे.

हुकलेली_गाडी | सोमवार, सायंकाळी ६:१५

रच्याकने, फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात आणि आणणारा फ्रेझिए. आडनावाला जागला गडी.

नोंदवही | सोमवार, रात्री ८:४०

उशिरा पोचले, पण हा माझ्या आवडीचा प्रांत.

काका म्हणाले त्या तीन गोष्टी म्हणजे वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता. वाणांच्या संरक्षणासाठी १९६१ च्या करारानं 'युपोव्ह' ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिनं एकेका पिकासाठी चाचणी मार्गदर्शिका काढल्या आहेत. स्ट्रॉबेरीची आहे टीजी/२२. ती एकदा वाचाच. 'सुंदर', 'आकर्षक', 'लालचुटूक' यांतला एकही शब्द सापडणार नाही.

त्यात विचारलेलं असं असतं : झाड उभट, अर्धवट उभट की पसरट? फुलांचे झुबके पानांच्या खाली, बरोबरीनं की वर? रनर किती? मधल्या पर्णिकेची लांबी रुंदीच्या किती पट? तिचा तळ टोकदार की गोल? कडेचे दाते करवतीसारखे की बोथट? पाकळ्या एकमेकींना चिकटून, एकमेकींवर चढलेल्या की सुट्या? फळावरच्या बिया खोलगट बसलेल्या, पातळीवर की उठावदार? फळाच्या खांद्याला बिनबियांचा पट्टा किती रुंद? टोपी खळग्यात बसते की वर? टोपीची पानं वर वळलेली की खाली? गर आतून कितपत लाल, आणि मध्ये पोकळी किती?

आणि माझी सर्वांत लाडकी नोंद : पानाच्या देठावरची लव वरच्या दिशेला झुकलेली, की बाहेर काटकोनात उभी?

मधमाशी | सोमवार, रात्री ९:०५

देठावरची लव?? चव कुठे आहे यात?

नोंदवही | सोमवार, रात्री ९:३०

चवीवर भांडणं होतात गं. गोडी आज ऊन पडलं की वाढते, उद्या पाणी जास्त झालं की उतरते. लवीची दिशा हवामान फारसं बदलत नाही. वर्णन कशासाठी? उद्या दोन रोपं समोर ठेवली तर कोणतं कुठलं ते सांगता यावं यासाठी. तिथे गोडी साक्षीला येत नाही, लव येते.

मीही कधीकाळी एका नोंदीत 'मोहक' लिहिलं होतं. वरिष्ठांनी समासात लिहिलं, 'किती मिलिमीटर?'

हुकलेली_गाडी | सोमवार, रात्री ९:३३

हे वाक्य लग्नाच्या जाहिरातींखाली छापायला हवं.

कुंडीवाली | मंगळवार, सकाळी ६:५०

हसून हसून मेले. पण सकाळी उठल्या उठल्या भिंग घेऊन देठच बघत बसले. ४१ ची लव काटकोनात आहे! चार वर्षं रोज पाणी घातलं, कधी दिसली नव्हती.

एक छोटी गोष्ट. २० पैकी ३ रोपांची फळं इतरांपेक्षा जरा गोलसर येतात. चवीला तीही मस्त आहेत, म्हणून वर लिहिलं नव्हतं.

आठपदरी | मंगळवार, सकाळी ७:३५

थांबा ताई, ही छोटी गोष्ट नाही.

आधी हे सांगा, गोलसर फळं झुबक्यातली पहिली होती की नंतरची? पहिलं फळ बहुतेक जातींत मोठं आणि वेगळ्या आकाराचं असतं, कधी पंख्यासारखं चपटंही. त्याची तुलना दुसऱ्या झाडाच्या तिसऱ्या फळाशी केली तर एकच वाण दोन वाटतं. म्हणून आकाराची नोंद पहिलं फळ सोडून करायची.

तसं नसेल, तर वाफ्यात भेसळ आहे. २० झाडांच्या नमुन्यात वेगळं निघालेलं एक झाड चालवून घेतात. तीन नाही.

कुंडीवाली | मंगळवार, सकाळी ९:१०

नंतरचीच फळं काका. आता पोटात गोळा आलाय. रनरपासूनचं पिल्लू म्हणजे हुबेहूब आईच ना? मग वेगळं कसं निघेल? बदललं असेल का आपोआप?

टिपकागद | मंगळवार, सकाळी ९:४०

आपोआप बदल होतात, पण क्वचित. टिश्यू कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत उतींपासून केलेल्या रोपांत) जरा जास्त ऐकू येतात. वाफ्यात वीसात तीन, तेही एकाच दिशेनं बदललेले? पटत नाही.

आठपदरी | मंगळवार, सकाळी १०:००

माझाही संशय जनुकांवर नाही, खुरप्यावर आहे. रागावू नका, आम्हा सगळ्यांचं झालंय.

त्या तिघांच्या देठावरची लव पाहा. मग बुडाजवळची माती हातानं हलकेच बाजूला करा. रनरपासून झालेल्या रोपाच्या क्राऊनला (मुळांच्या वरच्या जाड बुडख्याला) एका बाजूला वाळलेल्या रनरचा तुकडा बहुधा सापडतो. बीपासून उगवलेल्याला तो नसणार.

कुंडीवाली | मंगळवार, सायंकाळी ७:२५

सापडलं. लाज वाटतेय, पण लिहिते.

तिघांपैकी दोघांची लव वरच्या दिशेला झुकलेली, दोघं एकमेकांसारखी, आणि दोघांनाही रनरचा तुकडा. जुनी वही काढली. ४१ च्या शेजारी ३८ नंबर होता. त्याची फळं गोल, मधे पोकळ, म्हणून उपटला होता. पण मी झाड उपटलं आणि त्याचे दोन रनर आधीच ४१ च्या वाफ्यात घुसून मुळं धरून बसले होते. ते मी ४१ चे म्हणून उचलले. एक फळ कापून बघितलं, आत पोकळी. ३८ च.

तिसऱ्याला तुकडा नाही. पानंही वेगळी. आदल्या हंगामात तिथे फळं गळून पडली होती, त्यातलंच एखादं बी.

म्हणजे गेले चार महिने मी ३८ च्या फळांचंही वजन ४१ च्या खात्यात मांडत होते.

चिकित्सक_बोका | मंगळवार, सायंकाळी ७:४०

कौतुक. टोमणा नाही. बरेच जण ती तीन रोपं गुपचूप उपटून 'सगळी सारखी आहेत' असं लिहून मोकळे झाले असते.

आठपदरी | मंगळवार, रात्री ८:३०

आणि बघा, हे उलगडलं ते देठाच्या लवीनं. मधमाशीला उत्तर मिळालं असेल.

आता सांगतो ते जरा कटू आहे. 'जोमदार झाड' असं तुम्ही लिहिलंय. कशाच्या तुलनेत?

कुंडीवाली | मंगळवार, रात्री ८:४१

शेजारच्या चार्लीच्या आणि अल्बियनच्या. ती दोन्ही झाडं माझ्याकडे सहा-सात वर्षं आहेत, त्यांचेच रनर लावत आले.

आठपदरी | मंगळवार, रात्री ९:२०

हीच भीती होती. रनरवर रनर लावत गेलं की मावा एका झाडाचे विषाणू दुसऱ्यावर नेतो, आणि विषाणू एकदा शिरला की पुढच्या सगळ्या पिल्लांत उतरतो. बऱ्याचदा पानावर काही दिसत नाही, झाड फक्त मंदावतं. स्ट्रॉबेरीचे बहुतेक विषाणू बीतून मात्र पुढे जात नाहीत. म्हणजे बीपासून आलेलं तुमचं ४१ जवळपास कोऱ्या पाटीनं उभं आहे आणि आईबाप सात वर्षांचं ओझं घेऊन. अशी शर्यत कुणीही जिंकेल. नव्या रोपांच्या प्रेमात पडणाऱ्या निम्म्या लोकांना याच गोष्टीनं फसवलंय, पूर्वी मलाही.

चार्ली आणि अल्बियनची खात्रीची निरोगी रोपं आणा आणि ४१ सोबत एकाच दिवशी, एकाच मातीत लावा. सगळी रनरपासूनची हवीत. बीपासूनचं मूळ झाड पहिल्या वर्षी वेगळं वागतं, त्याचे आकडे धरू नका. ४१ मध्येही काही शिरलंय का ते बघायचं तर त्याच्या पानाचं कलम फ्रॅगॅरिया व्हेस्काच्या संवेदनशील सूचक झाडावर करतात. बागायती झाड लपवतं ते ती छोटी रानवट लगेच पानावर दाखवते.

मधमाशी | मंगळवार, रात्री ९:४५

म्हणजे अजून किती वर्षं? मी समजत होते की ब्रशनं पराग फिरवला की झालं.

आठपदरी | मंगळवार, रात्री १०:०५

अल्बियनचंच घे. संकर १९९७ चा, वाण म्हणून बाहेर आलं २००४ मध्ये. तेही हाताशी मोठं विद्यापीठ असताना, जिथे दरवर्षी हजारो रोपं लावतात आणि जवळपास तेवढीच उपटतात. संकर करणं एका दुपारचं काम. उरलेली वर्षं उपटण्यात जातात.

नोंदवही | बुधवार, सकाळी १०:१५

ताई, वर्णनाकडे परत येऊ. तीन सूचना.

रंग डोळ्यांनी ठरवू नका. आरएचएसचा (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा) रंगतक्ता मिळाला तर त्याचा क्रमांक लिहा, म्हणजे 'लालचुटूक' वरून वाद नाही. फळ नुकतंच पूर्ण पिकलेलं हवं. दोन दिवस उशीर झाला की रंग गडद होतो आणि नोंद बिघडते.

प्रत्येक गुण कुणाच्या तरी शेजारी ठेवून लिहा. 'फळ लांबट' याला अर्थ नाही. 'अल्बियनपेक्षा आखूड, चार्लीपेक्षा लांब' याला आहे. सर्वांत जवळची ओळखीची जात कोणती आणि तिच्यापासून हे नक्की कुठे वेगळं, एवढं सांगितलं की निम्मं वर्णन झालं.

तिसरी सूचना नावाची. नुसते आकडे सहसा चालत नाहीत, त्यामुळे '४१' बाद. दिशाभूल करणारं नाव नको. 'बारमाही गोड' ठेवलंत आणि एका महिन्यात आंबट निघालं तर? लॅटिन नाव देण्याचा मोह होतो काहींना, पण १ जानेवारी १९५९ नंतरच्या लागवडीच्या वाणांना ते चालत नाही. आणि स्ट्रॉबेरीत आधीच असलेलं नाव अर्थातच नको.

पुढे कधी संरक्षणासाठी अर्ज करायचा विचार असेल तर रोपं विकताना जपून. आपल्या देशात विक्री सुरू होऊन एक वर्ष उलटलं, किंवा परदेशात चार, की युपोव्हच्या नियमानं ते 'नवं' राहत नाही.

हुकलेली_गाडी | बुधवार, सकाळी १०:३२

नाव सुचवतो : 'खुरपं'. दिशाभूल नाही, लॅटिन नाही, आणि इतिहासाला धरून.

टिपकागद | बुधवार, सकाळी १०:५०

माझं मत त्यालाच.

कुंडीवाली | शनिवार, सायंकाळी ५:३०

तीन दिवस गायब होते, पण रिकामी नव्हते. भेसळीची तीन रोपं काढली. उरलेल्या १७ वर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. मूळ ४१ वरून नवे रनर घेतेय. प्रत्येक पिल्लू आईला जोडलेलं असतानाच वेगळ्या कुंडीत टेकवलं, चिठ्ठी लावली, मगच कापणार. खाली पडलेलं फळ त्याच दिवशी उचलायचं, हा घरात नवा कायदा. निरोगी चार्ली आणि अल्बियनची रोपं मागवली आहेत.

तोवर त्या १७ वरून कच्चं वर्णन :

"झाड अर्धवट उभट. झुबके पानांच्या बरोबरीनं. देठावरची लव काटकोनात (चार्ली व अल्बियन निरोगी रोपांवर तपासायचं बाकी). मधली पर्णिका रुंदीपेक्षा किंचित लांब, तळ गोलसर, दाते बोथट. पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. फळ शंकूच्या आकाराचं. पहिल्या आणि नंतरच्या फळांच्या आकारात मध्यम फरक. बिनबियांचा पट्टा अरुंद. टोपी पातळीवर, तिची पानं बाहेरच्या बाजूला. गर फिकट लाल, पोकळी नाही किंवा अगदी लहान. लांब दिवसांत फुलतं, कडक उन्हात थांबतं."

'जोमदार', 'गोड', 'सुगंधी', 'भरपूर', 'टिकाऊ' असं सगळं काढून टाकलं. काढताना वाईट वाटलं.

नोंदवही | शनिवार, सायंकाळी ६:१०

सुगंध काढलात ते बरं केलंत. पण वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवा. चाचणीत नसला तरी लोक झाड लावतात त्याच्यासाठी.

चिकित्सक_बोका | शनिवार, सायंकाळी ६:२५

बिया खोलगट, पातळीवर की उठावदार, ते राहिलं.

कुंडीवाली | शनिवार, सायंकाळी ६:४०

तेच ठरत नाहीये हो. काही फळांवर खोलगट वाटतात, काहींवर पातळीवर. फोटो टाकू का?

आठपदरी | शनिवार, सायंकाळी ७:००

फोटो नको. २० झाडं होऊ द्या, प्रत्येकी एक फळ घ्या, पहिलं सोडून. मग मोजा.